पटावर आहे, वर्गात नाही

शाळा सोडणारे मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी आठवड्यातला एखादा दिवस बुडतो. मग सणाला जोडून चार दिवस जातात, सहामाहीचे एक-दोन पेपर चुकतात, आणि दिवाळीच्या सुटीनंतर बाई नाव घेतात तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते, "बाई, ती आता येत नाही." हजेरीपटावर मात्र तिचे नाव असतेच. शिक्षण खात्याच्या कागदात ही गोष्ट 'अनियमित उपस्थिती' या दोन शब्दांत उरकते. खरे तर त्या अनियमिततेलाही एक वेळापत्रक असते. सोलापूर जिल्ह्यात ते कुठे ऊसतोडीच्या हंगामाचे असते, कुठे यंत्रमागाच्या पाळीचे, कुठे लग्नतिथींचे; आणि शहराच्या पूर्व भागात ते पुष्कळदा विडीचे असते.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत आणि बहुतेकींचे काम घरातच चालते. कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूचे पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवून मऊ करायचे, कात्रीने मापात कापायचे, विडी वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड मिटायचे, जुड्या करायच्या आणि माल देऊन यायचे. मजुरी हजारावर मिळते, आणि तपासणीत खराब ठरलेल्या विड्या हिशेबातून जातात. हजाराचा आकडा एकटीच्या हाताने गाठणे जड पडते, म्हणून पाने कापणे आणि तोंडे मिटणे ही कामे घरातल्या मुलीकडे येतात. एरवी ती शाळेच्या आधी आणि नंतर उरकतात. आई आजारी पडली, घरात बाळंतपण आले, वडिलांचा माग बंद पडला, की पहिली काट शाळेच्या वेळेला लागते. वर्गशिक्षिकेला दिसते ती बाकावरची रिकामी जागा. त्या जागेमागचा हजाराचा हिशेब तिला दिसत नाही, आणि दिसला तरी त्याचे काय करायचे हे तिला डीएडला किंवा बीएडला कोणी शिकवलेले नसते.

माझे म्हणणे असे की या हिशेबात हात घालणारा, त्याच कामासाठी शिकलेला आणि त्याच कामाचा पगार घेणारा माणूस शाळेला हवा. जगात त्याला शालेय समाजकार्यकर्ता म्हणतात. तो शिकवत नाही आणि तपासणीही करत नाही. हजेरीत खंड पडायला लागला की तो घरी जातो, कारण शोधतो, ते कारण ज्या कार्यालयात सुटेल तिथपर्यंत कुटुंबाला नेतो, आणि मूल वर्गात परतल्यावर पुढचे काही महिने त्याच्यावर लक्ष ठेवतो. अमेरिकेत ही कल्पना 1906-07 च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत आली. स्थलांतरित मजुरांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतली मुले शाळेत टिकत नव्हती, तेव्हा वस्तीत काम करणाऱ्यांनी शाळा आणि घर यांच्यात ये-जा करणारी 'भेटीला जाणारी शिक्षिका' नेमली. हाँगकाँगने 2000 साली प्रत्येक माध्यमिक शाळेला एक समाजकार्यकर्ता दिला आणि 2019 मध्ये तो आकडा दोनवर नेला. जपानने 2008 पासून सरकारी योजना म्हणून हे काम सुरू केले. म्हणजे ही श्रीमंतांची हौस म्हणून आलेली गोष्ट नाही. ती मजूरवस्तीतून आली, आणि त्या अर्थाने न्यूयॉर्कपेक्षा सोलापूरला अधिक शोभेल.

आपल्याकडेही या व्यवसायाची सुरुवात मजूरवस्तीतच झाली. मुंबईत नागपाड्याला 1926 मध्ये वस्तीकेंद्र उघडणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने 1936 साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या फॅक्टरी कायद्याने असा नियम घातला की ज्या कारखान्यात 500 किंवा त्याहून अधिक कामगार आहेत तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. समाजकार्य शिकलेल्या कित्येक पदवीधरांची पहिली नोकरी हीच असे. आता सोलापूरच्या संदर्भात याचा अर्थ पाहा. जुनी गिरणी, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी ही नावे इथल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. गिरणीतल्या कामगाराच्या घरची अडचण हा कायद्याच्या दृष्टीने गिरणीचाही विषय होता, आणि त्यासाठी एक पगारी माणूस ठेवणे मालकाला भाग होते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काम यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये आणि घराच्या ओसरीवर आले. कामगार विखुरला, कल्याण अधिकारी गेला. पण त्याच कामगारांची मुले मात्र रोज सकाळी शेकड्यांनी एका छताखाली जमतात, ते छत शाळेचे. पाचशे कामगारांमागे एक माणूस हे तत्त्व आपण पंच्याहत्तर वर्षांपूर्वी मान्य केले. पाचशे मुलांमागे तो का नको, याचे उत्तर मला कुठे सापडत नाही.

कायद्यांना मूल घरात शिरताना दिसते आणि तिथेच हरवते, याचा नमुनाही सोलापूरच्याच धंद्यांतून मिळतो. 1986 च्या बालमजुरी कायद्याने मुलांना वर्ज्य अशा कामांची एक यादी केली. त्या यादीतल्या प्रक्रियांमध्ये पहिलेच नाव विडी बनवण्याचे, आणि चौथे कापड छपाई, रंगाई, विणकाम यांचे. सोलापूर समोर ठेवूनच यादी केली की काय असे वाटावे. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात सवलत होती: मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल तर ही बंदी लागू नाही. जिथे काम होत होते तेच घर असे वगळले गेले. पुढे राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पातून जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष वर्ग निघाले, सोलापूर त्यातलाच एक जिल्हा, आणि 2021-22 पासून तो प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. निरीक्षक कारखान्यावर धाड घालू शकतो. आईच्या शेजारी बसून पाने कापणाऱ्या मुलीवर धाड घालायची कोणी, आणि घालून मिळवायचे काय? तिथे दंडाचा उपयोग नाही. तिथे आईचे हजार पुरे व्हावेत आणि मुलीचा तासही बुडू नये अशी काहीतरी वाट काढणारा माणूस लागतो.

ती वाट बहुतेक वेळा कागदांतून जाते, आणि हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार किचकट असते. समजा, सहावीतल्या एका मुलीचे वडील यंत्रमागावर होते आणि ते वारले. आई विडी वळते. कागदोपत्री या घराला बरेच काही मिळू शकते. मुलीला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये, आईला संजय गांधी निराधार योजनेचे मानधन, शिवाय विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती. पहिली योजना महिला व बालविकास विभागाची, दुसरी तहसीलची, तिसरी केंद्राच्या पोर्टलवरची. पहिलीला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आणि घरासमोर उभे राहून काढलेला मूल आणि पालक यांचा फोटो. तिसरीला आईचे विडी कामगार ओळखपत्र. त्यात आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरे; तेलुगू आडनाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना तीन प्रकारे उमटलेले. प्रत्येक दुरुस्तीला एक फेरी आणि प्रत्येक फेरीला आईचा एक दिवस, म्हणजेच त्या दिवसाच्या विड्या. तिसऱ्या फेरीनंतर ती नाद सोडते. हे तिचे अज्ञान नाही, हिशेबच तो. हातात काय येईल याची खात्री नसताना रोजची मजुरी बुडवणे तिला परवडत नाही. या सगळ्या फेऱ्या जो एकत्र बांधून देईल, कोणत्या खिडकीवर कोणता कागद चालतो हे ज्याला पाठ असेल, तो त्या मुलीला शाळेत ठेवण्यासाठी जे करतो ते दहा प्रबोधनपर व्याख्यानांनी होत नाही.

आणखी एक विषय सोलापूरने टाळू नये असा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात होते. परभणी, बीड यांच्या पंक्तीत बसणारा हा आकडा, साखर कारखान्यांनी आणि चादरींनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा. यंत्रणा नाही असे नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवकाला प्रतिबंधक अधिकारी नेमलेले आहे, 1098 हा क्रमांक आहे, आणि अधूनमधून मांडवातून लग्न थांबवल्याच्या बातम्याही येतात. पण मांडवात पोहोचलेली यंत्रणा उशिरा पोहोचलेली असते. तिथे आहेर झालेले असतात, कर्ज काढलेले असते, अब्रू पणाला लागलेली असते. थांबवलेले लग्न महिन्याभराने दुसऱ्या गावी लागत नाही याची हमी कोण देतो? लग्नाची चाहूल सर्वांत आधी लागते ती वर्गात. आठवी-नववीतली मुलगी अचानक गप्प होते, 'पाहुणे येणार' म्हणून गैरहजर राहते, दाखल्यावरच्या जन्मतारखेची चौकशी करायला काका शाळेत येतो. मैत्रिणींना सगळे ठाऊक असते. त्या वेळी घरी जाऊन बोलण्यात अर्थ असतो. कारण बापाची भीती नेमकी कोणती, हे तेव्हाच कळू शकते: ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला मागे कुणापाशी ठेवायचे ही, पुढची शाळा आठ किलोमीटरवर आहे आणि एसटी वेळेवर नाही ही, की हुंडा वाढत जाईल ही. तिन्ही भीतींची उत्तरे वेगळी आहेत. पहिलीला हंगामी वसतिगृह, दुसरीला पास, सायकल किंवा निवासी शाळेतली जागा. तिसरीला सोपे उत्तर नाही, तिथे वेळ काढावा लागतो आणि वर्षभर त्या घरात जात राहावे लागते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो: हे सगळे आमचे शिक्षक करतातच. बरोबर आहे. याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्कार देणाऱ्यांनी क्यूआर कोडच्या पुस्तकांइतकेच गावातल्या मुलींची शंभर टक्के उपस्थिती आणि थांबलेले बालविवाह यांचेही कौतुक केले. राज्यात 'बालरक्षक' म्हणून शेकडो शिक्षकांनी स्वतःहून शाळाबाह्य मुले शोधून आणली आहेत. पण अपवादात्मक शिक्षकाच्या कामावर व्यवस्था उभी करता येत नाही. जो शिक्षक वर्ग सोडून घरी जातो, त्याच्या वर्गातली पस्तीस मुले त्या वेळी बसून असतात. दोन शिक्षकी शाळेत तर एकाच्या अनुपस्थितीत चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात येतात. शिवाय प्रश्न फक्त वेळेचा नाही. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठी चाचणी घेतली, ती 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शाळेतले वातावरण, दादागिरी, हिंसा, मुलांचे नैराश्य यांवर काम करणारा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांकडे दिला आणि काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे. नेमलेल्या माणसाच्या शाळांत ठळक सुधारणा दिसली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत आणि काहीच न केलेल्या शाळांत फरक जवळजवळ दिसला नाही. ही चाचणी नववीच्या मुलांपुरती होती, त्यात घरभेटींचा भाग नव्हता, आणि बिहार म्हणजे सोलापूर नव्हे. तरीही कार्यक्रम तोच, शाळा तशाच, बदलला तो फक्त माणूस, आणि निकाल वेगळा लागला, हे विसरता येणार नाही. यात शिक्षकांची निंदा नाही. पुरवणी काम म्हणून दिलेले काम पुरवणीसारखेच होते.

दुसरा आक्षेप शासकीय आहे: समित्या आहेत की. आहेत, आणि कागदावर त्या चांगल्या आहेत. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती आली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्या, पालक, विद्यार्थी आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. स्थलांतरित मजुरांच्या मुलांपासून बालविवाहापर्यंत सगळी कामे तिच्या यादीत आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतले मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण घडले तेव्हा या समित्या खरोखर काम करतात का, असा प्रश्न राज्यभर विचारला गेला आणि पुन्हा आदेश निघाले. आदेशात खोट नाही. समितीतला प्रत्येक जण दुसरे काहीतरी आहे, खोट ती आहे. डॉक्टरला ओपीडी आहे, सेविकेला अंगणवाडी आहे, पोलीस पाटलाला गाव सांभाळायचे आहे आणि त्याच गावात राहायचे आहे. समिती महिन्याने भरते. संकट मंगळवारी दुपारी येते. समिती ठराव करू शकते, पण ज्या घरात दारू पिऊन बाप मारतो तिथे संध्याकाळी सहाला जाऊन बसणे हे ठरावाने होत नाही. समिती राहू द्या. पण तिच्या आदेशातल्या 'समुपदेशक' या एका शब्दामागे हाडामांसाचा माणूस उभा करा, मग तीच समिती उपयोगी पडेल.

समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता यांत फरक काय, असेही विचारले जाते. सरळ सांगायचे तर समुपदेशक खोलीत बसून मुलाशी बोलतो, आणि ते फार मोलाचे असते. पण ज्या मुलाला झोप लागत नाही कारण घरात रात्रभर माग खडखडतो, त्याच्या झोपेचा उपाय खोलीत नाही. शहरातल्या खासगी शाळांत समुपदेशक येऊ लागले कारण तिथल्या पालकांना गुणांची आणि स्पर्धेची धास्ती कळते. महापालिकेच्या मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड माध्यमांच्या शाळांत पालक धास्ती सांगायला येत नाही, तिथे जावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो शासनाकडून येत नाही, वस्तीकडून येतो. सरकारी माणूस घरात शिरला की काय होते हे सोलापूरच्या काही वस्त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. कुटुंबेच्या कुटुंबे आत ठेवलेली, हजेरी घेतलेली. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला संपला, पण 'साहेब हजेरी घ्यायला आला' या शब्दांचा अर्थ तिथल्या आज्यांच्या मनात शाळेच्या हजेरीशी जोडलेला नाही. अशा घरी जाऊन मुलगा शाळेत का येत नाही म्हणून वही उघडणारा माणूस मदतीला आलाय असे कोणाला वाटेल? त्यात तो वरच्या जातीचा असला, भाषा पुस्तकी असली, चहा नको म्हणाला, तर संपलेच. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, मान्य करून काम आखण्यासारखा आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या सीमेवर कन्नड, काही मोहल्ल्यांत दखनी बोलता येणारी माणसे घ्यावी लागतील, आणि त्यांत स्त्रिया अधिक लागतील. घरातली माहिती शाळेच्या फाइलीत किती जाईल आणि कोण वाचेल याचा लेखी नियम लागेल. नाहीतर आईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत फिरते. पण इथे एक अवघड गाठ उरते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, गप्प राहणे हाच गुन्हा आहे. म्हणजे 'तुमचे काही बाहेर जाणार नाही' असे वचन समाजकार्यकर्ता देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पहिल्याच भेटीत ही मर्यादा सांगून टाकायची आणि तरीही दार उघडे ठेवायचे, यातच या व्यवसायाचे शिक्षण असते. चांगल्या मनाचा कोणीही स्वयंसेवक हे करू शकेल असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

राहता राहिला पैसा. प्रत्येक शाळेला एक पद हे आज शक्य नाही आणि गरजेचेही नाही. सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळाच अडीच हजारांहून अधिक आहेत, त्यांतल्या कित्येक वीस-पंचवीस पटाच्या. पण महाराष्ट्रात केंद्रशाळेची रचना तीस वर्षांपासून आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख. तिथे एक समाजकार्यकर्ता बसवता येतो. साधा हिशेब मांडू: महिन्याला 30,000 रुपये पगार धरला आणि केंद्रात 1,500 मुले धरली, तर वर्षाला दरडोई खर्च 240 रुपये येतो, म्हणजे महिन्याला वीस. एका समाजकार्यकर्त्यामागे 250 मुले असावीत असा अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेचा दंडक आहे, त्यापुढे 1,500 म्हणजे चेष्टाच. पण शून्यापेक्षा ती बरी. माणसांचाही तुटवडा नाही. सोलापुरातच वालचंद महाविद्यालयात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथले विद्यार्थी फील्डवर्कला वस्त्यांत जातातच, मग त्यांच्याकडूनच करून घ्या, असे सुचवणारे भेटतील. विद्यार्थी वर्षाने जातो. मुलाच्या घराशी जुळलेले नाते दर जूनमध्ये नव्याने जुळवता येत नाही. तीच गोष्ट अकरा महिन्यांच्या कंत्राटाची. आणि एक धोका आधीच लिहून ठेवावा असा: आपल्याकडे नव्या पदाच्या हाती आधी टॅब येतो, मग ॲप येते, मग मुलांची आधार जुळवणी येते, आणि वर्षाच्या आत तो माणूस माहिती भरणारा कारकून होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकाला अशैक्षणिक कामांपासून निदान कागदावर तरी संरक्षण दिले आहे. या पदालाही तसेच कुंपण पहिल्या दिवसापासून लागेल.

सुरुवात करायचीच तर सोलापूरजवळच्या कुंभारीपासून करावी, असे मला वाटते. तिथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि त्यांपैकी पंधरा हजार घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. विडी, यंत्रमाग, शिलाई, कचरा वेचणे, बांधकाम, हे सगळे धंदे एका जागी, आणि कुटुंबे नव्याने आलेली. शहरातल्या जुन्या घराजवळची शाळा सुटली, दाखला तिथेच अडकला, मागे आजीही राहिली जी दुपारी धाकट्याला सांभाळायची. मोठी मुलगी आता ते सांभाळते. घर मिळाल्यामुळे शाळा सुटावी हे विचित्र आहे, पण वसाहतीच्या आराखड्यात शाळेची इमारत दाखवता येते, आजी दाखवता येत नाही. दोन-तीन वर्षे तिथल्या शाळांना समाजकार्यकर्ते द्यावेत, हजेरी आधी किती आणि नंतर किती हे उघडपणे मोजावे, आणि फरक पडला नाही तर तसे सांगून योजना बंद करावी.

मागणी नवी नाही, आणि ती कुणा संघटनेचीही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या तिसऱ्या प्रकरणात समुपदेशक किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शाळांशी जोडले जातील, ते पालकांशी बोलतील आणि वस्त्यांत फिरतील, असे स्पष्ट म्हटले आहे. सातव्या प्रकरणात प्रत्येक शाळेला ते पुरेशा संख्येने, हवे तर अनेक शाळांत मिळून, उपलब्ध व्हावेत यासाठी राज्यांना 2025 ची मुदत घातली होती. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्देश दिले. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवली पाहिजे. जिल्हा परिषद शाळेची संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, उघडली तर तिच्यात मुख्याध्यापक आणि शिक्षक यांचे रकाने दिसतात. समाजकार्यकर्त्याचा रकाना तिथे नाही.

तेव्हा पालकांना एकच विनंती. पुढच्या पालकसभेत मध्यान्ह भोजन आणि गणवेश यांवर बोलून झाले की मुख्याध्यापकांना विचारा, आपल्या सखी सावित्री समितीतला समुपदेशक कोण आणि तो शेवटचा कोणाच्या घरी गेला होता. उत्तर मिळाले नाही तर तसा ठराव लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने पालकांच्या आहेत.